मनीऑर्डरीनं चूल पेटली, शेताचं काय?

कोकणातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, महिन्यात गावात सर्वांत जास्त वाट कुणाची पाहिली जायची? उत्तर एकच मिळेल – पोस्टमनची. मुंबईत गिरणीचा पगार झाला की चार-आठ दिवसांनी पिशवी अडकवून तो पायवाटेनं वाडीवर यायचा. ओटीवर टेकायचा, तांब्याभर पाणी प्यायचा. फॉर्मवर सही नाहीतर अंगठा घ्यायचा, नोटा दोनदा मोजून हातात ठेवायचा आणि खालचं कुपन फाडून वाचून दाखवायचा. कुपनावर जागा ती किती! पैसे पोचल्याचं कळवा, पोराची फी भरा, दुकानदाराचं देणं द्या, गणपतीला येतो. तेवढ्यात सगळा संसार यायचा.

पोस्टाची मनीऑर्डर आपल्या देशात १८८० साली सुरू झाली आणि जुन्या पद्धतीची कागदी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. आता पैसे मोबाइलवर येतात, अंगठा लावायची जागा बदलली एवढंच. पैसे पाठवणारे हात बाहेर आणि चूल गावात, हा व्यवहार मात्र तसाच आहे. या पैशानं घरं जगली यात वाद नाही. पण गाव सावरलं का, आणि ज्या जमिनीवर पोट भरेना म्हणून माणूस बाहेर पडला त्या जमिनीचं काय झालं, याचा हिशेब आपण कधी मांडत नाही. तो आज मांडू.

पैसा आहे तरी किती?

आधी मोठा आकडा. परदेशात राहणाऱ्या भारतीयांनी २०२४ या एका वर्षात घरी पाठवलेली रक्कम जागतिक बँकेच्या अंदाजानुसार सुमारे १२९ अब्ज डॉलर, म्हणजे पावणेअकरा लाख कोटी रुपयांच्या घरात आहे. जगात कुठल्याही देशाला एवढा पैसा आपल्या बाहेर गेलेल्या माणसांकडून येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत यातला सर्वाधिक, म्हणजे साडेवीस टक्के वाटा महाराष्ट्राचा निघाला आणि त्याखालोखाल केरळचा.

पण बंधूंनो, या आकड्यात आपली मनीऑर्डर नाही. दुबई, मस्कत, अमेरिकेतून आलेला पैसाच यात मोजला जातो. परळ-लालबागहून, आणि आता विरार-बदलापूरहून वाडीवर येणारा पैसा या हिशेबात कुठेच दिसत नाही. मात्र त्याचा स्वभाव अगदी तोच आहे. नेपाळच्या डोंगरात, केरळच्या किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या खेड्यात परगावच्या पैशानं जे घडवलं, ते आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच घडायला लागलं होतं. त्या अर्थानं कोकण या विषयातलं जुनं विद्यार्थी आहे.

गिरणीचा भोंगा आणि गावची चूल

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली उभी राहिली आणि दोन वर्षांनी ती सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या तशी माणसं लागली आणि ती सर्वांत जास्त गेली त्या वेळच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यातून. त्याआधी आपली माणसं पलटणीत होती, गलबतांवर खलाशी होती. कारण उघड होतं. डोंगरउताराची जमीन, भातखाचरं थोडी, वरकस जास्त, वर खोताचा खंड आणि सावकाराचं व्याज. चार महिने पाऊस आणि आठ महिने हात रिकामे. घरातल्या एकानं शेत बघायचं आणि दुसऱ्यानं मुंबई गाठायची, ही वाटणी पोटानंच ठरवून दिली.

गडी गावकीच्या खोलीत दहा-पंधरा जणांत पथारी टाकायचा, खाणावळीत जेवायचा आणि उरेल ते गावी पाठवायचा. मनीऑर्डरीचं कमिशन शंभराला पाच रुपये. गावात खोताचं देणं, दुकानाची उधारी आणि लग्नकार्य त्यातून निघायचं. खोती कायद्यानं गेली आणि १ एप्रिल १९५७ ला कृषकदिन आला, कुळं मालक होऊ लागली. जमीन नावावर करण्यासाठी किंमत भरायची होती. ती कितीतरी घरांत मुंबईच्या पगारातूनच भरली गेली.

१९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि आखातात कामं निघाली. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतली मुलं तिकडे गेली. त्या गावांत जांभ्या चिऱ्याची मोठी घरं उभी राहिली, बोटीला इंजिन बसलं, मुली कॉलेजात गेल्या.

जमेची बाजू

या पैशाला नावं ठेवणं सोपं आहे, पण खरं ते बोलावं. हा पैसा थेट घरात येतो, मधे कंत्राटदार नाही की टक्केवारी नाही. ज्याला गरज आहे त्याच्याच हातात पडतो. पाऊस गेला, घरात आजार निघाला की बाहेरचा माणूस पोटाला चिमटा काढून जास्त पाठवतो. सरकारी मदत पंचनाम्याची वाट बघते, मनीऑर्डर बघत नाही.

नेपाळचंच पाहा. तिथे १९९५-९६ साली शंभरातली ४२ माणसं दारिद्र्यरेषेखाली होती, २०१०-११ ला ती २५ वर आली. त्या काळात तिथे बंडखोरी होती, कारखानदारी वाढली नव्हती. तरी गरिबी घटली, आणि त्यात आखात, मलेशिया आणि आपल्या देशातून गेलेल्या पैशाचा वाटा मोठा होता असं अभ्यासक मानतात.

आपल्याकडेही गावोगावच्या शाळा पाहा. कितीतरी माध्यमिक शाळांच्या इमारतींवर मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाची पाटी दिसते. पाखाडी, विहीर, देवळाचा सभामंडप, स्मशानशेड, सगळ्याला चाकरमान्यांची वर्गणी आहे. त्यांचं ऋण मान्य करूनच पुढचं बोलायचं.

खर्चाची बाजू

आता दुसरा रकाना. पैसा आला, पण तो मिळवायला माणूस गेला. आणि गेला तो घरातला सर्वांत ताकदीचा माणूस. मागे म्हातारे, बायका, पोरं. २०११ च्या शिरगणतीत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. कौतुकानं आपण हा आकडा सांगतो, पण त्यामागे मुंबईत गेलेला पुरुष आहे. त्याच शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही तोच प्रकार. जन्मदर घसरला हे एक कारण, पण पूर्वी एकटा गडी जायचा, आता बिऱ्हाड जातं, हे मोठं कारण.

शेतावर त्याचा परिणाम कसा होतो, ते नीट समजून घ्यावं. घरात महिन्याचे पैसे येतात म्हटल्यावर नाचणी-वरीसाठी डोंगर भाजायला, राब करायला कुणी उठत नाही. तांदूळ दुकानात मिळतो. लावणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी भाताच्या भावाला परवडत नाही. मग लांबचं खाचर पडीक राहतं. एकानं सोडलं की शेजारच्याच्या पिकावर वानर आणि रानडुक्कर दुप्पट येतात. तोही सोडतो. अशी एकेक करून सगळी मळी गवतात जाते. यात आळस कुणाचाच नाही, प्रत्येकाचा हिशेब आपल्यापुरता बरोबरच असतो.

तिकडे जमिनीची किंमत मात्र वाढते, कारण बाहेरचा पैसा जमीन पिकवायला येत नाही, राखून ठेवायला येतो. मुंबईचा भाऊ म्हणतो, असू दे, म्हातारपणी येऊ. गावात राहणाऱ्या, कसण्याची हौस असणाऱ्या पोराला ती घेणं परवडत नाही. कसायला द्यावी तर कूळ लागेल ही भीती. सातबारावर पंचवीस नावं, त्यातली दहा मयत, पाच परदेशात. अशा सातबारावर ना कर्ज मिळत ना लागवडीचं अनुदान. १९९० साली रोजगार हमीशी जोडून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली आणि कोकणच्या वरकस डोंगरांवर आंबा-काजू उभा राहिला. पण त्याचा फायदा ज्या घरात कुणी बघणारं होतं आणि सातबारा मोकळा होता त्यांनाच झाला. शेजारचा तेवढाच डोंगर अजून गवताला लिलावानं जातो.

आणि घरं? चिऱ्याची, स्लॅबची, टाइल्सची घरं आपण बांधली. वर्षातले पंधरा दिवस गणपतीत आणि आठ दिवस शिमग्यात ती उघडतात. बांधताना गवंड्याला, चिरेखाणवाल्याला काम मिळालं, हे खरं. पण बांधून झाल्यावर घर उत्पन्न देत नाही, उलट दर पावसाळ्याआधी खर्च मागतं.

दोन संकटं

हा हिशेब कळायला दोन सालं पुरेत – १९८२ आणि २०२०.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप लांबला आणि रीतसर मिटलाच नाही. लाखाच्या वर माणसांची नोकरी कायमची गेली. मनीऑर्डर थांबली. तेव्हा काय झालं? कितीतरी कामगार बायकामुलांना घेऊन गावी परतले आणि त्यांना गावानं सांभाळलं. जे मुंबईत राहिले त्यांच्यासाठी इकडून तांदळाची बोचकी गेली. इतकी वर्षं मुंबईनं गाव पोसलं, त्या वर्षी गावानं मुंबई पोसली. कारण शेत चालू होतं. बायकांनी, म्हाताऱ्यांनी ते चालू ठेवलं होतं. कणगीत भात होतं, गोठ्यात गुरं होती.

आता २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी झाली. मे-जूनमध्ये चाकरमानी गावी आले, शाळांतून चौदा-चौदा दिवस राहिले. ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि मंडणगड-दापोलीत आंबा, नारळ, पोफळी आडव्या झाल्या. मुंबईचा पगार बंद आणि गावची बाग भुईसपाट, दोन्ही एकदम. त्या पावसाळ्यात बऱ्याच पोरांनी हौसेनं पडीक खाचरं साफ करायला घेतली. पण जोत नाही, बी नाही, बांध फुटलेले, पाट बुजलेले, वर कुठली जमीन कुणाची हे सांगणारं माणूस हयात नाही. एका पावसात वीस वर्षांचं रान निघत नाही. गणपती झाल्यावर आणि गाड्या सुरू झाल्यावर पोरं परत गेली.

देशाच्या पातळीवर परदेशातला पैसा त्या वर्षी टिकला हे सांगायला हवं. २०२० मध्ये गरीब आणि मध्यम देशांकडे जाणारा हा पैसा वीस टक्क्यांनी घटेल, असं जागतिक बँकेला एप्रिलमध्ये वाटलं होतं. प्रत्यक्षात घट दोन टक्क्यांच्या आत राहिली. देशाच्या तिजोरीला असा सरासरीचा आधार असतो. एकेका घराला तो नसतो. तुमच्या घरात पाठवणारा एकच असतो. त्याची नोकरी गेली की शंभर टक्के घट.

आपल्या बागेतला नेपाळी

आज आपल्याच बागेत उभं राहून एक गोष्ट बघावी. रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत राखणीपासून फवारणी-काढणीपर्यंत काम करतो तो नेपाळी गडी. पावसाळा सरला की येतो, हंगाम संपला की बराचसा परत जातो. ट्रॉलरवरही तोच. तुमच्या हापूसच्या पैशातला वाटा महिन्याला डोंगर ओलांडून नेपाळात जातो आणि तिथे एखाद्या घरात चूल पेटते. म्हणजे मनीऑर्डर घेणारा जिल्हा मनीऑर्डर पाठवणाराही झाला. आपली पोरं मुंबईत वॉचमन आणि आपल्या बागेत राखण्या नेपाळचा.

त्याच्या गावी काय चाललंय? नेपाळच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या चौथाईएवढी रक्कम बाहेरून येते. आणि तिथल्या मधल्या डोंगरपट्ट्यात पायऱ्यापायऱ्यांची शेतं पडीक पडत चालली आहेत, शेती बायकांवर आली आहे, तांदूळ बाहेरून येतो. आपलीच गोष्ट, भाषा वेगळी.

केरळात हेच मोठ्या मापावर झालं. तिथल्या २०२३ च्या स्थलांतर पाहणीनुसार वर्षाला दोन लाख सोळा हजार कोटींच्या वर पैसा बाहेरून आला. शिक्षण, दवाखाने, घरं यांत केरळ आपल्या पुढे आहे आणि त्यात या पैशाचा हात आहे. पण भाताखालचं क्षेत्र १९७४-७५ मध्ये आठ लाख ऐंशी हजार हेक्टरच्या आसपास होतं, ते आता दोन लाखांवर आलं. रबर, नारळ, इमारती ही कारणंही आहेत, पण मजूर न मिळणं हेही आहे. आज तिथल्या बांधकामावर आणि शेतात बंगाल, आसाम, ओडिशाची माणसं राबतात.

मात्र केरळानं एक गोष्ट केली ती आपल्या सरपंचांनी ध्यानात घ्यावी. १९९८ साली सुरू झालेल्या कुडुंबश्रीच्या महिला गटांनी पंचायतीच्या मदतीनं पडीक जमिनी कसायला घेतल्या. कुळाची भीती तिथेही होतीच. पण एकट्या माणसाला जमीन द्यायला कचरणारा मालक पंचायतीच्या ओळखीतल्या गटाला द्यायला तयार झाला. असे हजारो गट तिथे भात, केळी, भाजी पिकवतात.

मेक्सिकोतही एक प्रयोग झाला. अमेरिकेत राहणाऱ्या एका गावच्या लोकांच्या मंडळानं गावच्या कामासाठी एक रुपया दिला तर केंद्र, राज्य आणि नगरपालिका यांनी एकेक घालायचा, अशी योजना २००२ पासून देशभर होती. पुढे सरकारनं ती बंद केली, पण तिच्यातून रस्ते, पाणी, शाळा झाल्या. आपली मुंबई मंडळं काही वेगळी नाहीत. फक्त त्यांच्या रुपयाला जोड द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही.

करायचं काय?

बाहेर जाऊ नका, असं सांगण्यात अर्थ नाही. जाणारा जाणारच आणि त्यानं जावं. प्रश्न आलेल्या पैशाचा आहे. पाठवणारा हात कधीतरी थांबतो. नोकरी जाते, माणूस थकतो, किंवा गावचे आईबाप गेले की पाठवायचं कारणच संपतं. त्या दिवशी गावात काय उरेल, ते आजच्या खर्चावरून ठरतं.

घरासाठी: समजा महिन्याला सहा हजार येतात. घरखर्च, औषधपाणी, वीज, शाळा यांतच ते जातात हे मान्य. तरी त्यातले पाचशे जमिनीचे म्हणून बाजूला काढा. वर्षाचे सहा हजार, पाच वर्षांचे तीस हजार. आधी बांध आणि कुंपण, मग पाणी, मग कलमं, हा क्रम मोडू नका. राखणीशिवाय लावलेली कलमं पहिल्याच वर्षी गुरं खातात. वरकस वीस गुंठ्यांत सात मीटर अंतरानं काजूची चाळीस कलमं बसतात. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ सारख्या जाती आपल्या कोकण कृषी विद्यापीठानंच दिलेल्या आहेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी दिसायला लागते. अनुदानाची कोणती योजना सध्या चालू आहे ते कृषी सहायकाला विचारावं, पण तिच्यासाठी थांबू नये.

सातबारासाठी: जी बाई शेत राखते तिचं नाव सातबारावर असू द्या. नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेनं १९९२ पासून केली आहे. नवरा मुंबईत आणि बाई बँकेच्या दारात, सही कुणाची हा घोळ त्यानं मिटतो.

तलाठी आणि ग्रामसेवकांसाठी (सरकारी कागदावर पदांची नावं बदलली तरी गाव तुम्हाला याच नावानं ओळखतं): भावकी एकत्र सापडते ती गणपतीत आणि मे महिन्यात. वारसनोंदीचं आणि वाटपाचं शिबिर तेव्हाच घ्या. त्या दहा दिवसांत जे कागद होतील ते एरवी दहा वर्षांत होणार नाहीत. पडीक जमिनीची गटवार यादी ग्रामपंचायतीत लावा आणि बचत गटाच्या बायकांना विचारा, यातली कुठली कसाल? मालकाशी बोलणं पंचायतीनं करावं, एकट्या बाईवर ते टाकू नये. आणि जे ठरेल ते मुदत घालून, जाणकाराला दाखवून कागदावर आणावं.

मुंबई मंडळांसाठी: देवळाचा कळस झाला, सभामंडप झाला, पालखीला चांदी झाली. आता पुढच्या तीन वर्षांची वर्गणी पऱ्यावरचा बंधारा, बुजलेला पाट आणि वानर-डुकरांपासून सामायिक कुंपण यांसाठी जमवा. एका घराला न परवडणारं कुंपण मळीतल्या सगळ्यांनी मिळून केलं तर परवडतं, आणि ते झालं तरच सोडलेली खाचरं परत लागतात.

१९८२ मध्ये गाव चाकरमान्याच्या पाठीशी उभं राहू शकलं, कारण त्यानं पाठवलेल्या पैशाच्या जोडीला कुणीतरी शेत धरून ठेवलं होतं. तेव्हाची ती बाई आज सत्तरी-ऐंशीत आहे. कुठला गडगा कुणाचा, कुठल्या खाचराला पाणी कुठून येतं, हे तिला ठाऊक आहे. येत्या गणपतीत आरती झाल्यावर मुलांनी तिला घेऊन एकदा शेतावर जावं आणि हद्दी बघून, लिहून घ्याव्यात. पैशांचं पुढच्या महिन्यातही बघता येईल. ही विचारपूस मात्र फार दिवस थांबणार नाही.